पात्राला नियम दिसतात का? टेबलावरच्या या चुका टाळा

आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालू होता. पूल ओलांडून पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, पलीकडे पोचली आणि दगडांच्या आडून ट्रोल नावाचा राक्षस उठला. फायटरने, म्हणजे लढवय्या पात्राने, दोन घाव घातले, दोन्ही बसले. पुढच्या फेरीला मी सांगितलं, "त्याच्या खांद्यावरची जखम तुमच्या डोळ्यांदेखत मिटतेय. फाटलेलं मांस पुन्हा सांधलं जातंय." विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणाऱ्या मुलाने लगेच हात वर केला. "मी फायर बोल्ट टाकतो." समोरून रेंजर, म्हणजे रानात वावरणारं पात्र, खेळणारी मुलगी म्हणाली, "एक मिनिट. ट्रोलवर आग चालते हे तुला माहितीये. तुझ्या विझार्डला कुठून कळलं?"

पुढचा अर्धा तास खेळ बंद. विझार्ड म्हणत होता, त्याने अकादमीत शिक्षण घेतलंय. रेंजर म्हणत होती, त्याच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, ट्रोलचं नावही नाही. शेवटी तो मुलगा चिडून म्हणाला, "बरं, मग मी रे ऑफ फ्रॉस्ट टाकतो." दोन फेऱ्या त्याने मुद्दाम गार किरण सोडले. तिसऱ्या फेरीला फायटर कोसळला. घरी जाताना कोणी कोणाशी नीट बोललं नाही, आणि डीएमच्या खुर्चीत बसून मी तो वाद वेळेत सोडवला नाही, हे मला फार लागलं.

ज्यांनी असा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण डन्जन मास्टर म्हणजे डीएम होतो. जग, त्यातली माणसं आणि संकटं तो मांडतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. पात्र काय करायला बघतं ते खेळाडू ठरवतो. जमलं की फसलं ते फासे आणि नियम ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि तिथून ही सगळी जात वाढली. खेळाडूने आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्राच्या तोंडी किंवा हाती घातली की त्याला मेटागेमिंग म्हणतात. पुलावरचं भांडण त्याचंच.

पात्राला नियम माहीत असतात का, या प्रश्नाला एकच हो किंवा एकच नाही नसतं, हे मला बऱ्याच शनिवारांनंतर कळलं. प्रश्न दर नियमाला वेगळा विचारावा लागतो: त्या जगात उभ्या असलेल्या माणसाला हा नियम कशाच्या रूपाने जाणवेल? काही नियम त्याला आपल्या भरती-ओहोटीसारखे सरळ दिसतात. काही नुसते अंगाला कळतात, आकडा मात्र कळत नाही. आणि काही फक्त आपल्या टेबलावर असतात, त्याच्या जगात त्यांचा मागमूसही नसतो. या तिघांची सरमिसळ झाली की खाली सांगितलेल्या चुका होतात.

पात्राला काहीच माहीत नाही, असं धरून चालणं

प्रामाणिक खेळाडूंची ही आवडती चूक आहे, आणि माझ्या अनुभवात मेटागेमिंगने जेवढे सेशन बिघडले त्यापेक्षा जास्त मेटागेमिंगच्या धास्तीने बिघडले.

पुलावरचाच प्रसंग घ्या. डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ट्रोलचे ८४ हिट पॉइंट आहेत, म्हणजे तो किती मार सोसू शकतो त्याचा आकडा. दर वेळी त्याची पाळी सुरू झाली की १० परत येतात. आग किंवा आम्ल लागलं तर पुढच्या पाळीला ते येत नाहीत. यातले ८४ आणि १० हे आकडे पात्राला माहीत असण्याचं कारण नाही. पण आगीची गोष्ट? ज्या मुलखात ट्रोल पिढ्यान्पिढ्या पुलांखाली राहतात तिथल्या आज्या नातवंडांना ती सांगत नसतील का? आपल्याकडे ज्याने उभ्या आयुष्यात नाग पाहिलेला नाही तोही नागाला फणा असतो हे सांगतो. कोकणातल्या लहान पोरालासुद्धा पावसाळ्यात लाकडाच्या रचलेल्या फाट्यांत हात घालायचा नाही हे ठाऊक असतं. त्यासाठी सर्पशास्त्र शिकावं लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फायर बोल्ट हा त्या विझार्डचा रोजचा मंत्र होता. लांडगा दिसला तरी तो फायर बोल्टच टाकायचा, डाकू दिसला तरी तोच. ट्रोलसमोर मात्र त्याने तो मुद्दाम टाकला नाही. का? कारण खेळाडूला आगीचं गुपित माहीत होतं. म्हणजे आग टाळणं हासुद्धा त्या माहितीचाच वापर झाला. अज्ञानाचं सोंग आणून चुकीचा मार्ग निवडणं हेही मेटागेमिंगच आहे, आणि त्यात पात्राचा जीव जातो.

यावर उपाय सोपा आहे. शंका आली की खेळाडूने डीएमला एकच वाक्य विचारावं: "माझ्या पात्राने ट्रोलबद्दल काय ऐकलेलं असेल?" डीएमने मग तीनपैकी एक करावं. जे गावात सर्वांना ठाऊक ते फासा न टाकता सांगून टाकावं. जे शिकलेल्यालाच ठाऊक त्यासाठी नेचर (निसर्गाचं ज्ञान) किंवा आर्काना (जादूचं ज्ञान) यांचा फासा टाकायला लावावा. आणि जे खरंच कोणालाच ठाऊक नाही ते प्रसंगातून दाखवावं. मशाल पडली, ठिणगी त्याच्या पोटरीवर उडाली, आणि तिथला चट्टा तसाच राहिला. हे वाक्य मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. ते बोलले असते तर वाद उठलाच नसता.

डीएमने जुनाच राक्षस जुन्याच गुपितासकट आणायचा आणि वर खेळाडूंनी ते विसरावं अशी अपेक्षा करायची, हेही बरोबर नाही. दहा वर्षं खेळणाऱ्याला कोडं घालायचं असेल तर कोडं नवं हवं. तुमच्या जगातला ट्रोल मीठ लागलं की थांबतो असं करा. कोणी हरकत घेणार नाही.

हिट पॉइंट म्हणजे रक्त, असं समजणं

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पात्राला काय जाणवतं हा प्रश्न सगळ्यात जास्त इथंच अडतो.

आमचा फायटर पंधराव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या पंधराव्या पायरीला, पोचला तेव्हा त्याचे हिट पॉइंट १३९ होते. पार्टी एका कड्यावर अडकली. खाली तीनशे फुटांवर नदीकाठचे खडक, मागून सैन्य येतंय. फायटर खेळणाऱ्या दादाने शांतपणे हिशोब मांडला. पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा एवढी इजा होते, आणि कितीही उंचावरून पडलात तरी जास्तीत जास्त वीस फासे. वीसच्या वीस फाशांवर सहा पडले तरी १२०. "माझे १३९ आहेत. मरणं शक्यच नाही. मी उडी मारतो."

टेबलावर शांतता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी डीएमच्या मनात पहिला विचार येतो तो असा की माणूस तीनशे फुटांवरून खडकांवर पडला तर मरतो, सांगून टाकू मेला म्हणून. ही मोठी चूक आहे. आतापर्यंत तुम्ही खेळाडूला एका नियमावर विश्वास ठेवायला लावलंत आणि त्याने त्या विश्वासावर पाऊल टाकताच नियम काढून घेतलात. दुसरी चूक उलट्या बाजूची: पात्राने उडीआधी सोबत्यांना सांगायचं, "काळजी करू नका, जास्तीत जास्त एकशेवीस लागतील." मग त्या जगात कड्याला कडा म्हणून काही अर्थच उरत नाही.

हिट पॉइंट म्हणजे नक्की काय, हे पुस्तकांनी सांगितलेलं आहे, फक्त आपण ते वाचून विसरतो. गायगॅक्स यांनी १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्येच बजावलं होतं की लेव्हलबरोबर वाढणारे हिट पॉइंट म्हणजे वाढत जाणारं शरीर नव्हे. त्यात कसब आहे, दैव आहे, दैवी कृपा आहे. २०१४ च्या पुस्तकात शरीराचा आणि मनाचा कणखरपणा, जगण्याची जिद्द आणि नशीब असा सगळा मेळ सांगितला आहे. तेच पुस्तक पुढे असंही म्हणतं की अर्ध्याहून जास्त हिट पॉइंट शिल्लक असतील तोवर अंगावर जखमेची खूण सहसा दिसत नाही. अर्ध्याखाली गेलात की खरचटणं, ओरखडे दिसू लागतात. शून्यावर नेणारा घाव मात्र खराखुरा लागतो. चौथ्या आवृत्तीने या अर्ध्या टप्प्याला 'ब्लडीड' असं नावच दिलं होतं, आणि २०२४ च्या नियमांत ते नाव परत आलं आहे. मला ते फार उपयोगी वाटतं. नियम आणि जग यांच्यामधली ती एक उघडी खिडकी आहे: शत्रूच्या अंगावर रक्त दिसलं, म्हणजे अर्धं काम झालं. हे पात्राला दिसतं, खेळाडूलाही.

तरी एक गाठ सुटत नाही, ती सांगते. क्युअर वून्ड्स हा जखमा बऱ्या करणारा मंत्र घ्या. २०१४ च्या नियमांत विझ्डम (शहाणपणाचा आकडा) १६ असलेल्या क्लेरिकने, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र म्हणणाऱ्या पुजाऱ्याने, तो पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, पातळीवर म्हटला तर ४ ते ११ हिट पॉइंट परत येतात. साध्या शेतकऱ्याचे हिट पॉइंट असतात ४. म्हणजे मरणाच्या दारातला शेतकरी त्या एका मंत्राने ठणठणीत उठतो. १३९ पॉइंटचा योद्धा मात्र त्याच मंत्राने जेमतेम कण्हायचा थांबतो. देवळात रोज दोघांवर उपचार करणाऱ्या क्लेरिकच्या हे लक्षात येणार नाही का? नक्की येणार. तिला आकडे नाही कळणार, पण 'लढवय्यांना कृपा जास्त लागते' अशी म्हण त्या देवळात रूढ असेल. मी माझ्या जगात ती तशी घातली आहे. म्हातारी पुजारीण नव्या शिष्येला सांगते, "ज्याने मरणाला जितक्या वेळा हुलकावणी दिली, त्याचं भांडं तितकं खोल. भरायला वेळ लागतो." खेळाडूंना ते वाक्य इतकं आवडलं की हिट पॉइंटला ते आता भांडंच म्हणतात. "ताई, माझं भांडं तळाला गेलंय" असं कोणी म्हटलं की टेबलावर आकडाही कळतो आणि भावही.

कड्याचं काय झालं? मी दादाला विचारलं, "तुझा फायटर याआधी उंचावरून पडलाय का?" पडला होता. सहा महिन्यांपूर्वी ड्रॅगनच्या पाठीवरून, शंभरेक फूट, आणि उठला होता. "मग त्याला काय वाटतं?" दादा जरा थांबून म्हणाला, "त्याला वाटतं, त्याच्या देवाला तो अजून हवाय." मी म्हटलं, टाक फासे. ७४ लागले. खाली पोचला तेव्हा झाडाच्या फांद्या, घसरण, चिखल यांनी मार थोडाथोडा वाटून घेतला होता, आणि तो उठून उभा राहिला, पण पाय थरथरत होते.

तुम्हाला असं जग नको असेल, कड्याची भीती खरी हवी असेल, तर तेही अगदी रास्त आहे. वीस फाशांची मर्यादा काढा, किंवा शंभर फुटांपुढे मरणाचा फासा ठेवा. फक्त ते कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेच्या, पहिल्या दिवशी सांगा. उडी हवेत असताना नको.

आकडे तोंडाने बोलायचे की नाही, यावरही टेबलं अडून बसतात. "माझे १२ उरलेत" असं म्हटलं की कोणीतरी डोळे वटारतं. मला ते बोलणं चालतं. लढाईत शेजारी उभ्या असलेल्या क्लेरिकला मित्राचा श्वास, चाल, चेहऱ्याचा रंग दिसत असतो. आपल्याला टेबलावर ते काही दिसत नाही, आपल्याकडे फक्त १२ आहे. तो आकडा त्या सगळ्या दिसण्याचं संक्षिप्त रूप आहे. तीच गोष्ट आर्मर क्लासची, म्हणजे वार लागायला फाशावर किमान किती पडायला हवेत त्या आकड्याची. १४ ला चुकलं, १६ ला लागलं, म्हणजे १५ किंवा १६ असणार, हे खेळाडू दोन फेऱ्यांत काढतो. तलवारबाजही दोन वारांत समोरच्याची ढाल ओळखतो. भाषा वेगळी आहे, ज्ञान तेच.

जादूगाराला त्याच्या जादूचे नियम नाकारणं

इथं मात्र गाडी उलट्या दिशेने जाते. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या पातळीच्या मंत्रांचे ४, दुसरीचे ३ आणि तिसरीचे २ स्लॉट असतात, म्हणजे दिवसभरात तेवढ्याच वेळा ते मंत्र टाकता येतात. नवे खेळाडू हे सांगताना ओशाळतात, जणू पडद्यामागचं बोलताहेत. ओशाळायचं कारण नाही. विझार्ड हा त्या विद्येचा पदवीधर आहे. मंत्र वहीत उतरवायला दर पातळीमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. म्हणजे पातळी ही गोष्ट त्याच्या खिशाला कळते. तिसऱ्या पातळीचा फायरबॉल हा मंत्र दोनदा टाकला की तिसऱ्यांदा निघत नाही, हे त्याला नाही कळणार तर कोणाला?

डी अँड डीतली ही जादू मुळात कथेतूनच आली आहे. अमेरिकन लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांत मांत्रिक मोजकेच मंत्र डोक्यात भरून घराबाहेर पडतो, आणि म्हटलेला मंत्र स्मरणातून पुसला जातो. म्हणजे मोजदाद आधी पात्राची होती, खेळाडूची नंतर झाली. तेव्हा विझार्डने बिनदिक्कत म्हणावं, "आजचा मोठा मंत्र एकच शिल्लक आहे." 'स्लॉट' हा शब्द खटकत असेल तर दुसरा शोधा.

खरी अडचण दुसऱ्या ठिकाणी येते. रेझ डेड या मेलेल्याला जिवंत करणाऱ्या मंत्राला किमान ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मेलेल्याला दहा दिवसांहून जास्त झालेले नसावेत. आमच्या पार्टीने बाजारात जाऊन असा हिरा घासाघीस करून ४०० ला घेतला. मग क्लेरिकलाच शंका: "आता हा चालेल का? किंमत तर चारशेच दिली." सगळे खूप वेळ विचारात पडले, आणि प्रश्न खरोखर चांगला आहे. उद्या शहरात हिरे महाग झाले तर लहान खड्यातही माणूस जिवंत होईल का?

माझं उत्तर असं. देव पावती मागत नाही. पुस्तकातला ५०० हा आकडा म्हणजे खड्याच्या आकाराचं आणि पाण्याचं खेळाडूंच्या सोयीसाठी केलेलं भाषांतर आहे. त्या जगातल्या देवळात तो नियम 'सुपारीएवढा, डाग नसलेला' असा पाठ असतो. आम्ही तेव्हापासून खड्याचं माप ठरवून टाकलं, आणि बाजारभाव वर-खाली झाला तरी सुपारी ती सुपारी.

पॅलाडिनला माणसांच्या मनाचा एक्सरे समजणं

पॅलाडिन, म्हणजे देवाला वाहिलेला योद्धा, सराफाच्या दुकानात शिरतो, डिव्हाइन सेन्स ही आपली शक्ती वापरतो आणि विचारतो, "हा माणूस ईव्हिल आहे का?" पाचव्या आवृत्तीत या प्रश्नाला उत्तरच नाही. डिव्हाइन सेन्सने साठ फुटांतले देवदूत, सैतान आणि मेलेले-तरी-चालणारे कळतात. डिटेक्ट ईव्हिल अँड गुड या मंत्राचं नाव तसं असलं तरी तोही प्राण्याची जात ओळखतो, नियत ओळखत नाही. लुच्चा सराफ हा फक्त माणूस आहे.

गोंधळ होतो तो जुन्या आवृत्त्यांमुळे. सत्तरच्या दशकातल्या नियमांत अलाइनमेंटची, म्हणजे पात्र नीतीच्या कोणत्या बाजूचं आहे त्याची, स्वतंत्र भाषाच होती. एकाच बाजूची पात्रं ती बोलत, म्हणजे आपली बाजू कोणती हे पात्राला पक्कं ठाऊक असे. आज तसं नाही. तुमच्या टेबलावर कोणती आवृत्ती आहे ते बघून पॅलाडिनला आधीच सांगा, म्हणजे दुकानात मानहानी होणार नाही.

लेव्हल कोणालाच दिसत नाही, किंवा सगळ्यांनाच दिसते

सरायवाल्याला "इथं कोणी दहाव्या लेव्हलच्या वरचा आहे का?" असं विचारणारं पात्र कानाला खटकतं. पण म्हणून त्या जगात कोणाला कोणाची उंची कळतच नाही असं नाही. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये ड्रुइडचा, म्हणजे निसर्गाच्या पुजाऱ्याचा, नियम बघा: बाराव्या लेव्हलचे ड्रुइड फक्त ९, तेराव्याचे आर्चड्रुइड ३, आणि चौदाव्याचा ग्रेट ड्रुइड एकच. वर जायचं तर जागेवर बसलेल्याला द्वंद्वात हरवायचं. इथं लेव्हल म्हणजे गादी आहे. गादीवर कोण बसलंय हे रानातल्या प्रत्येकाला माहीत असणारच. १९९३ च्या अर्थडॉन या खेळाने तर पूर्ण पाऊल टाकलं: त्यात आपण कोणत्या सर्कलला, म्हणजे तिथल्या लेव्हलला, आहोत हे पात्रं स्वतःच एकमेकांना सांगतात, तिथल्या समाजाची ती चालू भाषा आहे.

आपल्या मोक्षपटात तेच आहे. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. फाशाने वर नेलं की खाली आणलं, याचा अर्थ पटावरच लिहिलेला. नियम आणि जगाचा अर्थ यांच्यात तिथं फटच नाही. अर्थडॉन खेळताना मला तो पट आठवतो.

नियमांनाच त्या जगाचं पदार्थविज्ञान करणं

ही चूक हुशार खेळाडू करतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण शेतकऱ्यांच्या तोफेचं. हजारो शेतकरी रांगेत उभे करायचे. प्रत्येकाने आपली कृती राखून ठेवायची आणि हातात भाला आला की पुढच्याला द्यायचा. लढाईची एक फेरी म्हणजे ६ सेकंद, आणि नियमाप्रमाणे हे सगळं त्या एकाच फेरीत होतं. म्हणजे भाल्याने सहा सेकंदांत मैलोन्मैल अंतर कापलं! मग शेवटचा शेतकरी तो फेकतो आणि खेळाडू म्हणतो, एवढ्या वेगाने आलेला भाला डोंगर फोडेल.

हा युक्तिवाद ऐकताना पटतो, पण तो दोन डगरींवर हात ठेवतो. भाला पुढे जाईपर्यंत खेळाडू नियमाचं बोट धरतो, आणि इजा मोजायची वेळ आली की नियम सोडून विज्ञानाचं. नियमच धरायचे तर शेवटी तो एक फेकलेला भाला आहे, त्याची इजा सहा बाजूंच्या एका फाशाची. विज्ञान धरायचं तर हजार माणसं सहा सेकंदांत भाला हातोहात देऊच शकत नाहीत. २०२४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये हे स्पष्ट शब्दांत आलं आहे: नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, त्या जगाचे भौतिक नियम सांगायला नाहीत. हा परिच्छेद टेबलावर एकदा मोठ्याने वाचा.

इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा क्रम, त्याचंही तसंच. आपण एकामागून एक पाळी खेळतो, पण तिकडे सगळे एकाच वेळी पळताहेत, ओरडताहेत. "माझी पाळी झाली, आता तो मला मारेपर्यंत मी उभाच" असं पात्राला कधीच वाटत नाही. नाटकात तिसरी घंटा नटाला ऐकू येते, प्रेक्षकांना ऐकू येते. पात्राला येत नाही. पाळी, अनुभवाचे गुण, डीएमने चांगल्या खेळाबद्दल दिलेलं इन्स्पिरेशन, या सगळ्या त्या घंटा आहेत. यांच्याबद्दल खेळाडूंनी आपापसात मोकळेपणाने बोलावं, पात्रांच्या तोंडी मात्र घालू नये.

मरणारा मित्र आणि उघडे फासे

शून्यावर पडलेलं पात्र दर पाळीला डेथ सेव्हचा फासा टाकतं. तीन यश मिळाली तर स्थिर, तीन अपयश आली तर गेलं. हा फासा सगळ्यांसमोर पडला की काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. "दोन यश आहेत, थांब, आधी त्या ऑर्कला मारू." मित्र रक्ताच्या थारोळ्यात आणि पार्टी हिशोब करतेय.

ते खेळाडू निर्दयी नसतात. त्यांच्यासमोर तुम्ही आकडा ठेवलात, तो ते वापरणारच. मी आता हा फासा पडद्याआड टाकायला लावते. निकाल पडलेल्या खेळाडूला आणि मला, दोघांनाच ठाऊक. पहिल्याच लढाईत क्लेरिक ऑर्कला पाठ दाखवून धावत गेली. त्या पळण्यात तिला एक घाव बसला, आणि त्या संध्याकाळची सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट तीच.

एका खेळाचं उत्तर दुसऱ्याला लावणं

डी अँड डीवरून सवय लागली की माणूस सगळीकडे तेच धरतो. १९८१ च्या कॉल ऑफ क्थुल्हू या भयकथेच्या खेळामध्ये सॅनिटी, म्हणजे मन किती थाऱ्यावर आहे, हा आकडा आहे, आणि तो ९९ वजा पात्राचं क्थुल्हू मिथॉसचं, म्हणजे त्या जगातल्या भयानक गुपितांचं, ज्ञान यापेक्षा वर जाऊच शकत नाही. जितकं जास्त कळेल तितकं मन ढासळत जाणार. पात्राला ९९ दिसत नाही, पण वाचलेल्या प्रत्येक पानागणिक झोप कमी होतेय हे त्याला पुरतं कळतं. याहून नेमका नियम मी फारसा पाहिलेला नाही. १९८४ च्या पॅरानोइया या खेळात तर खेळाडूने नियम माहीत असल्याचं दाखवलं तरी तो देशद्रोह, आणि शिक्षा पात्राला. तिथं 'माहीत आहे का' हा प्रश्नच खेळाचा गाभा आहे. म्हणून नवा खेळ काढला की पहिल्या सेशनला पाच मिनिटं द्या आणि कोणते नियम पात्रांना दिसतात ते सांगून टाका. आमच्याकडे ती यादी शीटच्या मागे पेन्सिलने लिहिलेली असते.

आणि खेळ चालू असताना वाद पेटलाच, तर अर्धा तास घालवू नका. डीएमने लगेच एक निर्णय द्यावा, खेळाडूला संशयाचा फायदा द्यावा, आणि खरी चर्चा सेशन संपल्यावर चहासोबत करावी.

त्या पुलाकडे आम्ही चार महिन्यांनी परत गेलो. दुसरा ट्रोल होता. पावसात फायटरची मशाल हातातून सुटली, ट्रोलच्या गुडघ्यावर आपटली, आणि मी म्हटलं, "बाकीच्या जखमा मिटल्या. गुडघ्यावरचा काळा डाग तसाच आहे." कोणी काही बोलायच्या आत रेंजर खुर्चीतून अर्धी उठली आणि विझार्डकडे बोट दाखवून ओरडली, "आग! अरे, आग टाक त्याच्यावर!"